शाळेतला व्हायरल व्हिडिओ म्हणजे शिक्षणाची बातमी का? शेअर करण्याआधी हे वाचा

हातात बूम घेतलेला एक जण वर्गात शिरतो. मुलांना पाढे विचारतो, सरांना स्पेलिंग. कुणीतरी अडखळतं आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक ग्रुपवर पोहोचतो. खाली कमेंट ठरलेल्या असतात, 'म्हणून झेडपीच्या शाळा बंद पडतात.'

पण शाळेची बातमी करणं म्हणजे नेमकं काय?

गावची शाळा बातमीत कधी येते?

करवीर तालुक्यातलं गडमुडशिंगी घ्या. कोल्हापूर विमानतळाला लागून असलेल्या या गावाचं नाव गेल्या काही वर्षांत बातम्यांत आलं ते मुख्यतः विमानतळासाठीच्या भूसंपादनामुळे. अशा गावांतल्या शाळा पेपरात दिसतात त्या जूनमध्ये प्रवेशोत्सवाला, निकालाला, स्नेहसंमेलनाला आणि शिष्यवृत्तीधारकांच्या सत्काराला.

याला कारण आहे. गावपातळीवरचे बरेच बातमीदार अर्धवेळ काम करतात. मानधन तुटपुंजं असतं, त्यात अनेकांवर जाहिराती आणायचीही जबाबदारी असते. जाहिरात देणाऱ्यांत खासगी शाळा आणि क्लासेसही असतात. कार्यक्रमाचा फोटो आयता मिळतो. एखाद्या वर्गाला सहा महिने शिक्षक का नाही, हे शोधायला मात्र पंचायत समितीत चार हेलपाटे घालावे लागतात.

खिरखंडीत काय झालं?

सातारा जिल्ह्यातलं उदाहरण बघा. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत कोयना धरणाचं पाणी पार करायच्या आणि पुढे जंगलातून चालत अंधारीच्या शाळेत पोहोचायच्या. याच्या बातम्या आल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेत जनहित याचिका दाखल करून घेतली. मुलींना सुरक्षित वाट देणं ही सरकारची जबाबदारी आहे, असं न्यायालयाने बजावलं.

या मुलींच्या जिद्दीचं कौतुक करून विषय संपवता आला असता. पण बातमीमुळे वेगळा प्रश्न पुढे आला: शाळेत जायला मुलींना होडी वल्हवावीच का लागते? हा प्रश्न सरकारला होता, मुलींना नव्हता.

प्रश्न विचारणाऱ्यावरच गुन्हा

सरकारला प्रश्न विचारणं किती महागात पडू शकतं, हे उत्तर प्रदेशात दिसलं. ऑगस्ट २०१९ मध्ये मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना पोषण आहारात मीठ-रोटी दिली जात असल्याचा व्हिडिओ पत्रकार पवन जयस्वाल यांनी समोर आणला. प्रशासनाने त्यांच्यावरच फसवणूक आणि कटाचा गुन्हा नोंदवला. बरीच टीका झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना क्लीन चिट मिळाली.

हाही व्हिडिओच होता आणि व्हायरलही झाला. फरक इतकाच की तो ताटात काय पडतंय हे दाखवत होता, मुलांना काय येत नाही हे नाही.

मुलांच्या चेहऱ्याबद्दल कायदा काय सांगतो?

पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील माध्यमांत देता येत नाही. विशेष न्यायालयाची परवानगी हाच अपवाद. उल्लंघन केल्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्यात शब्द 'कोणतंही माध्यम' असा आहे, त्यामुळे 'मी पत्रकार नाही, फक्त पोस्ट टाकली' हा बचाव टिकणं अवघड आहे.

पाढा चुकलेल्या मुलाच्या व्हिडिओला हे कलम लागू होत नाही. पण तो मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसणार असतो आणि व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरत राहतो. पालकांना विचारलं होतं का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

मग बघायचं काय?

गडमुडशिंगी असो की तुमचं गाव, काही गोष्टी कुणालाही तपासता येतात:

- शिक्षक किती? शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक हवेत. शाळेची पटसंख्या, शिक्षक आणि सुविधांची माहिती केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस पोर्टलवर मिळते.
- शिक्षक वर्गात असतात का? जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता त्यांना अशैक्षणिक कामं देण्यास कलम २७ ची मनाई आहे.
- शाळा व्यवस्थापन समिती बसते का? तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. इतिवृत्त मागून बघा.
- बातमीचा पाठपुरावा झाला का? बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने शाळांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश काढला. तुमच्या शाळेत कॅमेरे आहेत का, चालू आहेत का आणि फुटेज कोण बघतं?

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलांना शिकवणं ही राज्यकर्त्यांची जबाबदारी आहे, हे इथे शंभर वर्षांपूर्वीच ठरलंय. त्यामुळे पुढचा व्हिडिओ आला की आधी बघा, जाब कुणाला विचारला जातोय. तो आठ वर्षांच्या पोराला विचारला जात असेल, तर फॉरवर्ड न करणंच बरं.