होस्टेलच्या दारातला म्हातारा

आपल्या होस्टेलमध्ये कुणी 'कराटे' म्हटलं की पुढचा शब्द हमखास 'ब्रूस ली' असतो. भिंतीवर पोस्टर त्याचं आणि गॅदरिंगमध्ये कौलं फोडणाऱ्याला मिळणारं टोपणनावही त्याचंच. खरं तर ब्रूस ली कराटेवाला नव्हताच. तो विंग चुन शिकला आणि पुढे त्याने स्वतःचं जीत कुन दो काढलं. असो! मला लिहायचंय ते दुसऱ्याच माणसाबद्दल. त्याचं पोस्टर मी अजून कुणाच्या रूममध्ये पाहिलेलं नाही, पण आपल्या सगळ्यात जवळचा तोच. कारण तो होस्टेलमध्ये राहायचा. विद्यार्थी म्हणून नाही, रेक्टर म्हणूनही नाही... झाडलोट करणारा म्हणून!

त्याचं नाव गिचिन फुनाकोशी. कराटे जपानमध्ये नेणारा माणूस.

आता कुणीतरी म्हणेल, "कराटे जपानचंच ना, मग नेलं कुठून?" इथेच आपली पहिली विकेट पडते. कराटे मूळचं ओकिनावा बेटाचं. फुनाकोशी 1868 मध्ये तिथल्या शुरी गावात जन्मले, तेव्हा ते बेट र्‍युक्यू नावाच्या वेगळ्या राज्यात होतं. तिथला राजा वेगळा, भाषा वेगळी. 1879 मध्ये जपानने ते राज्य खालसा केलं. म्हणजे हे गृहस्थ वयाच्या दहाव्या वर्षी, घर न सोडता, दुसऱ्या देशाचे झाले.

लहानपणी प्रकृती तोळामासा. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण नव्या सरकारच्या नियमाप्रमाणे त्यासाठी डोक्यावरची शेंडी कापावी लागणार होती आणि घरच्यांना ते मान्य नव्हतं. मेडिकलचा प्रवेश राहिला तो राहिलाच. पुढे शाळेत मास्तरकी मिळाली, तेव्हा मात्र त्यांनी शेंडी कापली आणि वडिलांचा राग ओढवून घेतला. दिवसा मास्तरकी आणि रात्री कराटे. अझातो आणि इतोसू हे त्यांचे दोन गुरू. रात्री कंदिलाच्या उजेडात, गुरूच्या अंगणात, एकच 'काता' महिनोन् महिने. (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका.) गुरू 'ठीक' म्हणेपर्यंत पुढचा काता नाही. आपण एक प्रॅक्टिकल दुसऱ्यांदा करायला लागलं तर लॅब असिस्टंटच्या नावाने बोटं मोडतो!

मे 1922 मध्ये टोकियोत शिक्षण खात्याने व्यायामप्रकारांचं प्रदर्शन भरवलं. ओकिनावाकडून फुनाकोशींना पाठवलं गेलं. तेव्हा त्यांचं वय होतं 53. प्रात्यक्षिक झालं की परतायचं, एवढाच बेत. पण ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोडोकानमध्ये बोलावलं. तिथे त्यांच्या जोडीला उभा राहिला तोही टोकियोत शिकणारा एक ओकिनावन विद्यार्थीच. मग कोसुगी होआन या चित्रकाराने गळ घातली, "आम्हालाही शिकवा, मगच जा." आज जाऊ, उद्या जाऊ करता करता मास्तर राहिले ते कायमचेच. बायको मात्र ओकिनावातच राहिली. पूर्वजांची थडगी आणि घरचे धर्माचार सोडून यायला ती तयार नव्हती.

आता राहायचं कुठे? टोकियोच्या सुइदोबाता भागात ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी 'मेइसेई जुकू' नावाचं वसतिगृह होतं. तिथे दाराजवळची छोटी खोली त्यांना मिळाली. दिवसा मुलं कॉलेजला गेली की हे खोल्या झाडायचे, बागेचं बघायचे. संध्याकाळी तिथल्याच हॉलमध्ये कराटे शिकवायचे. खिशात पैसे नाहीत म्हणून हॅट आणि हातमागाचा किमोनो गहाण टाकला. दुकानदाराने अपेक्षेपेक्षा बरेच जास्त पैसे दिले. नंतर कळलं, दुकानातल्या माणसाचा भाऊ त्यांचा शिष्य! आणि मेसच्या आचाऱ्याला कराटे शिकवून त्यांनी जेवणाच्या बिलात सवलत मिळवली. मित्रांनो, हा मार्ग आपल्यापैकी कुणालाही सुचलेला नाही!

एकदा ते अंगण झाडत असताना एक पत्रकार आला. त्याने विचारलं, "कराटेचे फुनाकोशी सर कुठे भेटतील?" "एक मिनिट थांबा," म्हणून हे आत गेले, चांगला किमोनो घालून बाहेर आले आणि म्हणाले, "नमस्कार, मीच फुनाकोशी." पत्रकार बघतच राहिला.

हा किस्सा सांगून लोक हसतात. मला मात्र हा किस्सा टोचतो. आपल्याकडे कुठलाही नवा क्लब निघायचा म्हटलं की पहिली मीटिंग कशावर होते? हॉल मिळेल का, मॅट कोण देणार, स्पॉन्सर कोण, सर्टिफिकेट मिळणार का? दुसऱ्या मीटिंगला निम्मी माणसं आणि तिसरी मीटिंग होतच नाही. फुनाकोशींकडे यातलं काहीच नव्हतं. दुसऱ्यांचा हॉल होता, झाडू होता आणि रोज संध्याकाळी ठरल्या वेळी हजर राहायची सवय होती. 1923 च्या भूकंपात टोकियो बेचिराख झालं, त्यांच्या पहिल्या पुस्तकाचे छपाईचे ठसेही गेले. त्यांनी एका बँकेत स्टेन्सिल कापायचं काम धरलं आणि शिकवणं चालूच ठेवलं. 1924 मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचा क्लब सुरू झाला आणि मग एकेका कॉलेजात क्लब निघत गेले. जपानमध्ये कराटे पसरलं ते राजवाड्यातून किंवा सैन्यातून नाही, तुमच्या-माझ्यासारख्या कॉलेजच्या पोरांमधून.

पण ही नुसती चिकाटीची गोष्ट नाही. कलम दुसऱ्या मातीत लावायचं तर छाटावंही लागतं. पांढरा पोशाख आणि काळ्या पट्ट्याची पद्धत त्यांनी ज्युदोकडून घेतली. म्हणजे ज्या ब्लॅक बेल्टवर आपण एवढे भाव खातो, तो मुळात उसना! काताची चिनी वळणाची नावं बदलून जपानी केली. 'कराटे' शब्दातलं पहिलं अक्षर 'चीन' या अर्थाचं होतं. त्याच उच्चाराचं, पण 'रिकामा' या अर्थाचं अक्षर त्यांनी रूढ केलं. चिनी हाताचा झाला रिकामा हात. ओकिनावातली जुनी मंडळी यावर नाराज होती. मलाही वाटतं, चीनचा द्वेष वाढत असलेल्या त्या जपानमध्ये हा बदल सोयीचा होता हे नाकारू नये. पण रिकाम्या हाताचा अर्थ त्यांनी नुसता 'हत्यार नाही' असा घेतला नाही, 'मनात अहंकार नाही' असाही घेतला. सोय पाहिली असेल, पण त्या सोयीतूनही त्यांनी शिकवणच काढली.

एका गोष्टीवर मात्र ते हटले नाहीत. पहिला वार आपण करायचा नाही आणि कराटेची झुंज लावायची नाही. टोकियो विद्यापीठातल्या पोरांना नुसत्या काताचा कंटाळा आला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अंगावर संरक्षक साहित्य बांधून मोकळ्या लढती सुरू केल्या. मास्तरांना कळलं आणि त्यांनी तिथे जाणं सोडलं. युद्धानंतर म्हातारपणी त्यांनी रात्री वाटेत अडवणाऱ्या एका चोराला पकडलं. कुणीही फुशारकी मारली असती. यांना मात्र लाज वाटली, की जे करू नका असं शिष्यांना सांगितलं तेच आपण केलं. तो चोर युद्धावरून परतलेला एक बेकार सैनिक होता.

एप्रिल 1957 मध्ये ते गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच शिष्यांच्या संघटनेने पहिली अखिल जपान स्पर्धा भरवली! 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेला पदकं मिळाली आणि 2024 च्या पॅरिसमध्ये खेळ वगळलाही गेला. मग मास्तर हरले का?

मला तसं वाटत नाही. पोरांचंही बरोबर होतं. समोर कुणी नसताना मारलेला ठोसा खरा की खोटा, हा प्रश्न इंजिनीअरिंगच्या मुलाला पडणारच, टेस्टिंगशिवाय आपण काहीच मानत नाही. पण मास्तरांचा प्रश्न वेगळा होता. जिंकायला शिकलेल्या माणसाला थांबायला कोण शिकवणार? पदकं आली आणि गेली, तो प्रश्न अजून तिथेच आहे. रॅगिंगच्या नावाखाली ज्युनिअरवर हात उगारणाऱ्या प्रत्येक ब्लॅक बेल्टला तो विचारला पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. या वर्षी कुणाला काही नवीन सुरू करायचं असेल, कराटे असो, नाटक असो की आकाशदर्शन, तर अर्ज जरूर करा, पण अर्जाच्या उत्तराची वाट बघत बसू नका. जागा झाडून घ्या आणि ठरल्या वेळी हजर राहा. तुमचे ज्युनिअर उद्या त्यात बदल करतील, तुम्हाला न पटणारे बदल करतील. तेव्हा चिडा, भांडा, पण आधी हे लक्षात घ्या की बदल करण्याइतकं काहीतरी त्यांच्या हाती तुम्हीच दिलंय.

आणि उद्या सकाळी पॅसेज झाडणारे मामा दिसले, तर रस्ता सोडून बाजूने जा. कोण जाणे, 'एक मिनिट थांबा' म्हणून आत जातील आणि बाहेर येतील ते सर होऊन!