कापड फुकट, म्हणून बाईचा वेळही फुकट?

'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द आपल्याला फार आवडतात. पडद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडांची बाद झालेली नमुन्यांची पुस्तके मुंबईहून पोत्यांत भरून येतात. पेण आणि रोह्यातल्या ज्या बचत गटांबरोबर मी काम करते, तिथल्या बायका त्यांतून पिशव्या, अभ्रे, पायपुसणी शिवतात. वस्तू देखण्या होतात, प्रदर्शनात खपतात. माझा प्रश्न आहे तो त्यांच्या किमतीबद्दल.

किंमत ठरवताना हमखास ऐकू येते, "कापड तर फुकटच मिळालंय!" शिलाई नगावर मोजली जाते. पण मशीनवर बसण्याआधीचे काम कोण मोजते? पिना उचकायच्या, मागे चिकटवलेला कागद भिजवून खरवडायचा, कापड वाळवून इस्त्री करायचे, रंग आणि जाडी पाहून तुकडे जुळवायचे. तुकडे लहान म्हणून जोड जास्त, जोड जास्त म्हणून दोरा आणि वेळ जास्त. जाड कापडावर मोडलेली सुईही तिच्याच पैशातली. म्हणजे अखंड कापडाच्या पिशवीपेक्षा मेहनत अधिक आणि भाव कमी!

घरात बसून केलेले काम 'फावल्या वेळचे', या समजुतीवर हा हिशेब उभा आहे. पेणचा पापडही घरोघरच्या बायकाच लाटतात. आणि गोधडी तर पिढ्यान् पिढ्या 'माया' म्हणूनच शिवली गेली. मायेला मजुरी कोण देणार?

अहमदाबादला गिरण्यांच्या चिंध्यांपासून खोळी शिवणाऱ्या बायकांनी हा प्रश्न आपल्या आधी विचारला. इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या 'सेवा'मध्ये त्या संघटित झाल्या, व्यापाऱ्यांकडे वाढीव दर मागितला आणि पुढे 'सबीना' ही स्वतःची सहकारी संस्था काढली. चिंधी स्वस्त असली तरी शिवणारी स्वस्त नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार केला. भारताने तो अजून मान्य केलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'घरून काम करणारा कामगार' आहे, पण तो मालकासाठी काम करणारा. गटातल्या बाईला आपण 'उद्योजिका' म्हणतो. मग तिचा मालक कोण आणि तिची मजुरी कोणाकडे मागायची?

म्हणून सुरुवात आपल्या गटांतच व्हावी. प्रत्येकीने तासांची वही ठेवावी. किमान वेतनाच्या दराने तास, त्यात दोरा, सुई, वीज धरावी आणि मगच किंमत लावावी. "इतकं महाग कोण घेणार?" असे विचारले जाईल. काही वस्तू खरेच खपणार नाहीत. ज्या पायपुसण्यातून तासाची मजुरी सुटत नाही, ते शिवणे बंद करावे. कचरा कमी करण्याची जबाबदारी साऱ्या समाजाची आहे. त्याची किंमत एकट्या बाईच्या पाठीने आणि डोळ्यांनी का मोजावी?