बेसबॉलमधील वेतनखर्च : मर्यादा कुणावर आणि लाभ कुणाला?

लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाने नोव्हेंबर २०२५ मध्ये टोरांटो ब्लू जेजचा सातव्या, निर्णायक सामन्यात पराभव करून मेजर लीग बेसबॉलचे अजिंक्यपद राखले. न्यूयॉर्क यांकीजने १९९८ ते २००० अशी सलग तीन वर्षे हे अजिंक्यपद मिळवले होते. त्यानंतर पाव शतकात कोणत्याही संघाला ते सलग दुसऱ्यांदा जिंकता आले नव्हते. मात्र या यशाइतकीच चर्चा झाली ती त्यामागील खर्चाची. कर आकारणीसाठी धरला जाणारा डॉजर्सचा २०२५ मधील वेतनखर्च ४१ कोटी डॉलरच्या वर गेला आणि मर्यादेपेक्षा अधिक खर्च केल्याबद्दल संघाला सुमारे १६ कोटी ९० लाख डॉलर इतका विक्रमी कर भरावा लागला. केवळ ही कराची रक्कमच अनेक संघांच्या संपूर्ण वेतनखर्चाहून मोठी आहे.

अमेरिकेतील या सर्वांत जुन्या व्यावसायिक क्रीडास्पर्धेचे भवितव्य आता याच प्रश्नाशी जोडले गेले आहे. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात २०२२ मध्ये झालेल्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ ही ठरलेली आहे. खेळाडूंच्या वेतनावर कायमची मर्यादा घालावी, असे मत काही संघमालकांनी २०२५ मध्ये जाहीरपणे मांडले. संघटनेचा या कल्पनेला अनेक दशकांपासून ठाम विरोध आहे. नव्या करारावर मतैक्य न झाल्यास २०२७ च्या हंगामावर संकट येऊ शकते.

कर आहे, मर्यादा नाही

अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी या तिन्ही प्रमुख स्पर्धांमध्ये संघाच्या वेतनखर्चाला कमाल मर्यादा आहे. बेसबॉलमध्ये ती नाही. तेथे एक ठरावीक रक्कम ओलांडणाऱ्या संघाला वरच्या खर्चावर कर द्यावा लागतो. 'लक्झरी टॅक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या करासाठी २०२५ मधील मर्यादा २४ कोटी १० लाख डॉलर होती. पहिल्या वर्षी कराचा दर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के असतो. मर्यादेपेक्षा फार अधिक खर्च झाल्यास अधिभारासह हा दर ११० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे खेळाडूला दिलेल्या शेवटच्या एक डॉलरमागे संघाला आणखी १ डॉलर १० सेंट कर म्हणून द्यावे लागतात.

इतका कर भरूनही डॉजर्सना हा खर्च परवडतो, याचे कारण उत्पन्नातील तफावतीत आहे. राष्ट्रीय प्रक्षेपण हक्कांचे पैसे तीसही संघांत सारखे वाटले जातात. स्थानिक प्रक्षेपणाचे उत्पन्न मात्र मुख्यतः ज्या त्या संघाचे असते. डॉजर्सनी २०१३ मध्ये केलेला स्थानिक प्रक्षेपणाचा करार २५ वर्षांसाठी ८३५ कोटी डॉलरचा होता. मिलवॉकी किंवा पिट्सबर्ग यांसारख्या लहान शहरांतील संघांना अशा कराराची कल्पनाही करता येत नाही. प्रत्येक संघाने आपल्या निव्वळ स्थानिक उत्पन्नापैकी ४८ टक्के रक्कम सामायिक निधीत जमा करावी आणि त्या निधीचे समान वाटप व्हावे, अशी तरतूद आहे. तिच्यामुळे दरी अरुंद होते, पण बुजत नाही.

श्रीमंत संघांना नियमांतील वाटाही ठाऊक असतात. जपानी खेळाडू शोहेई ओतानी याच्याशी डॉजर्सनी डिसेंबर २०२३ मध्ये १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. त्यापैकी ६८ कोटी डॉलर त्याला २०३४ ते २०४३ या काळात, म्हणजे कराराची वर्षे संपल्यावर मिळणार आहेत. या विलंबामुळे कराच्या हिशेबात त्याचे वार्षिक वेतन ७ कोटींऐवजी सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर धरले जाते.

पैशाने नेमके काय मिळते?

पैसा ओतला की अजिंक्यपद मिळते, हा समज मात्र आकडेवारीवर टिकत नाही. न्यूयॉर्क मेट्सने २०२३ मध्ये त्या वेळचा विक्रमी खर्च केला. त्या हंगामात हा संघ ७५ सामने जिंकला आणि ८७ हरला. डिसेंबर २०२४ मध्ये याच संघाने हुआन सोतो याला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले, तरीही २०२५ च्या बाद फेरीत त्याला स्थान मिळाले नाही. याउलट २००२ मध्ये ओकलंड ॲथलेटिक्सने सुमारे ४ कोटी डॉलरच्या खर्चात १०३ सामने जिंकले. त्याच्या तिप्पट खर्च करणाऱ्या यांकीजनीही तेवढेच सामने जिंकले होते. पुढच्याच वर्षी फ्लोरिडा मार्लिन्सने सुमारे ५ कोटी डॉलरच्या संघानिशी यांकीजना अंतिम लढतीत पराभूत केले.

बेसबॉलचा स्वभावच असा आहे. १६२ सामन्यांच्या हंगामात उत्कृष्ट संघही साठच्या आसपास सामने हरतो. बाद फेरीतील चार-पाच सामन्यांच्या मालिकेत दुबळा संघ बलाढ्य संघाला सहज धक्का देऊ शकतो. डॉजर्सनी २०२२ मध्ये १११ सामने जिंकले आणि बाद फेरीतील पहिल्याच मालिकेत सॅन डिएगोकडून ते पराभूत झाले. २०१३ ते २०२५ या तेरा वर्षांत डॉजर्स दरवर्षी बाद फेरीत पोहोचले, पण अजिंक्यपद तीनदाच मिळाले.

मग पैशाने मिळते काय? २०२५ मधील मिलवॉकी ब्रुअर्सचे उदाहरण याचे उत्तर देते. सर्वांत लहान प्रक्षेपण बाजारपेठ असलेल्या या संघाने साखळी फेरीत ९७ विजय मिळवून सर्व तीस संघांत पहिला क्रमांक पटकावला. डॉजर्सशी झालेले सहाही साखळी सामने त्याने जिंकले. परंतु ऑक्टोबरमध्ये हेच दोन संघ नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत समोरासमोर आले, तेव्हा डॉजर्स ४-० असे विजयी झाले. ब्रुअर्सना चार सामन्यांत मिळून केवळ चार धावा करता आल्या.

या दोन निकालांमधील फरक गोलंदाजीचा होता. डॉजर्सचे ब्लेक स्नेल आणि टायलर ग्लासनाऊ हे महागडे पिचर हंगामातील कित्येक महिने दुखापतीमुळे मैदानाबाहेर होते. सामान्य संघाचा हंगाम अशा आघाताने संपला असता. डॉजर्सजवळ योशिनोबू यामामोतो होता, ओतानी होता आणि जखमींची वाट पाहण्याइतकी सवड होती. ऑक्टोबरमध्ये हे चौघेही तंदुरुस्त होते. मोठ्या वेतनखर्चाने विजयाची हमी मिळत नाही. दुखापत, चुकीची निवड किंवा दुर्दैव पचवण्याची ताकद मात्र मिळते, आणि तीही वर्षानुवर्षे.

लहान संघाला ही चैन नाही. खेळाडू सहा वर्षांच्या सेवेनंतर करारमुक्त होतो, म्हणून मिलवॉकीने आपले जोश हेडर आणि कॉर्बिन बर्न्स हे नामांकित पिचर त्यापूर्वीच इतर संघांना देऊन टाकले. पिट्सबर्ग पायरेट्सचा पॉल स्कीन्स २०२५ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट पिचर ठरला. त्या वर्षीचे त्याचे वेतन ८ लाख ७५ हजार डॉलर होते, कारण सेवेच्या पहिल्या वर्षांत खेळाडूला किमान वेतनाहून फारसे अधिक द्यावे लागत नाही. १९७९ नंतर अजिंक्यपद न पाहिलेल्या पिट्सबर्गच्या प्रेक्षकांची चिंता हीच आहे की, असा खेळाडू आपल्याकडे किती वर्षे राहील?

जुना संघर्ष

बेसबॉलमधील खेळाडूंना एकेकाळी संघ निवडण्याचा अधिकारच नव्हता. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाशी बांधलेला राहत असे. कर्ट फ्लड याने या पद्धतीला न्यायालयात आव्हान दिले, पण १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निर्णयाने मात्र हे बंधन तुटले आणि खेळाडूंच्या वेतनाला बाजारभाव मिळू लागला. २०२५ मध्ये सरासरी वेतन प्रथमच ५० लाख डॉलरच्या वर गेले.

मालकांनी १९९४ मध्ये वेतनमर्यादेचा आग्रह धरला, तेव्हा १२ ऑगस्टपासून खेळाडू संपावर गेले आणि १९०४ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज होऊ शकली नाही. मर्यादा लहान संघांच्या हितासाठी आहे, असे मालक सांगत होते. प्रत्यक्षात त्या संपाची सर्वाधिक झळ एका लहान संघालाच बसली. संप सुरू झाला त्या दिवशी ७४ विजय आणि ४० पराभव अशी सर्वोत्तम कामगिरी माँट्रियल एक्स्पोज या अल्प खर्चाच्या संघाची होती. संपानंतर एप्रिल १९९५ मध्ये त्याने आपले प्रमुख खेळाडू सोडून दिले. हा संघ पुन्हा कधी सावरला नाही आणि २००५ मध्ये तो वॉशिंग्टनला हलवण्यात आला.

तळाचा प्रश्न

कमाल मर्यादेच्या चर्चेत किमान खर्चाचा प्रश्न बहुधा मागे पडतो. सामायिक निधीतून पैसे मिळणारा संघ ते खेळाडूंवर खर्च करतोच असे नाही. या निधीच्या वापराबद्दल खेळाडूंच्या संघटनेने २०१८ मध्ये ओकलंड, मायामी, पिट्सबर्ग आणि टँपा बे या चार संघांविरुद्ध तक्रार दाखल केली होती. मालकांनी २०२१ मधील वाटाघाटींत किमान १० कोटी डॉलर खर्चाचा प्रस्ताव मांडला, पण त्यासोबत कराची मर्यादा १८ कोटींवर आणण्याची अट होती. ती त्या वेळी २१ कोटी होती. संघटनेने हा प्रस्ताव नाकारला. डिसेंबर २०२१ मध्ये मालकांनी टाळेबंदी जाहीर केली आणि ती मार्च २०२२ पर्यंत चालली.

ज्या अमेरिकन स्पर्धांत वेतनमर्यादा आहे, तेथे ती एकटी आलेली नाही. एकूण उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा खेळाडूंना देण्याचे बंधन आणि किमान खर्चाची अट तिला जोडलेली आहे. हॉकीतील मालकांना ती मिळवण्यासाठी २००४-०५ चा संपूर्ण हंगाम गमवावा लागला.

भारतातील वाचकांना वेतनमर्यादा आयपीएलमुळे परिचित आहे. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला लिलावाची रक्कम, सामना मानधन आणि कामगिरीवरील मोबदला मिळून १४६ कोटी रुपयांची मर्यादा होती. संघांमध्ये समतोल राखण्यास अशी पद्धत उपयोगी पडते, यात शंका नाही. पण दहा संघांचा हा एकत्रित खर्च १,४६० कोटी रुपये होतो, तर २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचे मूल्य ४८,३९० कोटी, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६०० कोटींहून अधिक आहे. खेळाडूंचा खर्च त्याच्या एक षष्ठांशापेक्षाही कमी भरतो. भारतात सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची संघटना नाही. त्यामुळे ही मर्यादा वाटाघाटीतून नव्हे, तर नियामक मंडळाच्या निर्णयातून ठरते.

म्हणूनच बेसबॉलमधील नव्या कराराचे मोजमाप केवळ डॉजर्सना किती आवर बसतो, यावरून करता येणार नाही. किमान खर्चाची सक्ती आणि उत्पन्नातील निश्चित वाटा यांच्याशिवाय आलेली मर्यादा श्रीमंत संघाचे पैसे वाचवील, गरीब संघाला मात्र एकही नवा खेळाडू देणार नाही. लॉस एंजेलिसमध्ये न खर्च झालेला डॉलर आपोआप पिट्सबर्गला पोहोचत नाही. तो तेथे पोहोचेल की नाही, हे स्थानिक प्रक्षेपणाचे उत्पन्न वाटून घेण्यास मोठे संघ किती तयार होतात, यावर अवलंबून राहील. खेळाडू आणि मालक यांच्यातील वादाइतकाच तो मालकांचा आपसातील वाद आहे, आणि तोच अधिक कठीण ठरण्याची शक्यता आहे.