विश्लेषण : परदेशातील हॉटेलचे ‘चार तारे’ नेमके कोणी दिलेले असतात?

परदेश सहलीसाठी हॉटेल शोधताना बहुतेक जण आधी दर पाहतात आणि मग तारे. चार तारे दिसले की खोली प्रशस्त असणार, एसी आणि लिफ्ट असणार असे गृहीत धरले जाते. रद्द केल्यास पैसे परत न मिळणारे बुकिंग असेल, तर तिथे पोहोचल्यावर हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच ताऱ्यांचा अर्थ समजून घेतलेला बरा.

तारे कोण देते?

जगभर लागू होणारी एकच पद्धत अस्तित्वात नाही. भारतात केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांचे वर्गीकरण करते. इटलीत हे काम प्रादेशिक सरकारांकडे आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स आदी देशांतील हॉटेल संघटनांनी २००९ मध्ये ‘हॉटेलस्टार्स युनियन’ स्थापन करून समान निकष ठरवले. अमेरिकेत सरकारी तारांकनच नाही. तिथे ‘ट्रिपल ए’ ही वाहनचालकांची संघटना ‘डायमंड’ देते, तर ‘फोर्ब्स ट्रॅव्हल गाइड’ तारे देते.

तारे काय मोजतात?

मुख्यतः सुविधा. खोलीचा आकार, रिसेप्शन किती वेळ सुरू असते, लिफ्ट आहे का, वगैरे. फ्रान्समध्ये चार ताऱ्यांसाठी दोघांच्या खोलीचे किमान क्षेत्रफळ बाथरूम धरून १६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १७२ चौरस फूट आहे. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीपेक्षा ती जेमतेम मोठी! पाच ताऱ्यांसाठी ही अट २४ चौरस मीटर आहे. स्टेशन किती जवळ आहे, रात्री रस्त्यावर किती गोंगाट असतो, हे तारे सांगत नाहीत.

‘सात तारे’ खरे असतात का?

दुबईचे ‘बुर्ज अल अरब’ १९९९ मध्ये सुरू झाल्यापासून ‘सप्ततारांकित’ म्हणून ओळखले जाते. अधिकृत वर्गवारीत मात्र ते पंचतारांकितच आहे.

खिशाशी काय संबंध?

युरोपातील अनेक शहरांत पर्यटक कर ताऱ्यांनुसार ठरतो आणि बऱ्याचदा तो हॉटेलातच वेगळा भरावा लागतो. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ पासूनच्या दरांनुसार तीन तारांकित हॉटेलात माणशी प्रतिरात्र ६ युरो, तर पंचतारांकित हॉटेलात १० युरो कर आहे. म्हणजे दोघांच्या पाच रात्रींसाठी अनुक्रमे ६० आणि १०० युरो.

बुकिंगपूर्वी काय तपासावे?

संकेतस्थळावरील तारे कधी सरकारी असतात, कधी हॉटेलने स्वतः कळवलेले, तर कधी त्या संकेतस्थळानेच ठरवलेले. पाहुण्यांनी दहापैकी दिलेले गुण ही वेगळीच गोष्ट. त्यामुळे खोलीचे क्षेत्रफळ, एसी, लिफ्ट, कर आणि बुकिंग रद्द करण्याच्या अटी वेगवेगळ्या तपासाव्यात. अलीकडच्या काही महिन्यांतील अभिप्रायही वाचावेत.

तारे कोणी दिले हे प्रत्येक हॉटेलसमोर ठळकपणे लिहिणे संकेतस्थळांना अवघड नाही. ग्राहकाचा तो हक्कच आहे. तोवर तारे ही निवडीची सुरुवात मानावी, हमी नव्हे.