बोटं कुणाची, भाव कुणाचा?

‘चारामतीब’. ओळखलंत ना? पहिलं अक्षर शेवटी टाकायचं, त्याच्या जागी ‘च’. झाली सांकेतिक भाषा! नियम माहीत असलेला आत, बाकीचे बाहेर. आणि माझ्या मते, कुठल्याही सांकेतिक भाषेला प्रश्न एकच विचारावा: बाहेर कोण राहिलं?

तुम्ही बारामती-इंदापूरकडचे, रुमालाखालचा सौदा घरच्या मोठ्यांकडून ऐकला असेल. बैलबाजारात घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. बोट शंभराचं की हजाराचं, हे आधी ठरलेलं. भोवतीच्या गर्दीला पत्ता नाही. पण बैल ज्याचा, त्याला खूण कळते. मग तक्रार कसली?

शेतमालाच्या बाजारात मात्र हीच बोटं आडत्या आणि व्यापारी धरायचे. ज्वारी ज्याची तो शेतकरी शेजारीच उभा, आणि भाव त्यालाच कळत नाही! ही ‘हत्ता पद्धत’. १९२८ च्या रॉयल कृषी आयोगानेही या कापडाखालच्या सौद्यांवर बोट ठेवलं. (दुसरं काय ठेवणार?) पुढे बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव आणला.

आता तुमचा मोबाइल. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजची किल्ली दोन टोकांच्या फोनमध्येच असते. मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. हा बैलबाजार झाला, तो टिकायलाच हवा. पण कर्ज देणारं ॲप तुमची सगळी माहिती घेतं आणि व्याजाचा हिशेब झाकून ठेवतं, तेव्हा रुमाल परत आलाय. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सगळा खर्च धरून वार्षिक दर सांगणारं पत्रक आधी द्यावंच लागतं. ते मागा, वाचा, मगच ‘ओके’ दाबा.