टॅली पुण्यात, गोदाम भिवंडीत

मुख्य कचेरी पुण्यात, गोदाम भिवंडीत, शाखा कोल्हापुरात आणि हिशेबाची टॅली एकाच संगणकावर. अशा पेढीने ‘तिन्ही ठिकाणी काम कसे चालवायचे?’ असे विचारले की हार्डवेअरवाल्याकडे चार उत्तरे तयार असतात. चारही सोपी वाटतात, म्हणूनच ती तपासून घेतली पाहिजेत.

पहिले उत्तर : ‘एनीडेस्क टाका, फुकट आहे.’ फुकट आहे ते खासगी वापराला; धंद्यासाठी पैसे पडतात. दुरून दुरुस्ती करायला हे साधन झकास आहे. पण भिवंडीचा कारकून बिल करू लागला की पुण्यातला माऊस आपोआप फिरतो आणि तिथल्या माणसाला हात बांधून बसावे लागते. शिवाय सगळे जण उघड्या असलेल्या एकाच लॉगिनवर काम उरकतात. कंपनी कायद्याखालच्या पेढ्यांना १ एप्रिल २०२३पासून हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर बंधनकारक आहे. व्हाउचर कोणी बदलले, याला ‘अ‍ॅडमिन’ एवढेच उत्तर मिळणार असेल, तर ती नोंद असून नसल्यासारखीच.

दुसरे : ‘व्हीपीएन लावा, डेटाचे फोल्डर शेअर करा.’ फाइलवर चालणारे प्रोग्राम लॅनसाठी बेतलेले असतात. एक अहवाल उघडताना ते फाइलकडे शेकडो फेऱ्या मारतात. एका फेरीला ४० मिलिसेकंद धरले, तरी ५०० फेऱ्यांना २० सेकंद झाले. जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेऊन हा उशीर जात नाही, कारण खोळंबा फेऱ्यांचा आहे. त्यात एंट्री सेव्ह होताना लाइन तुटली, तर डेटा बिघडण्याची धास्ती वेगळीच.

तिसरे : ‘राउटरवर ३३८९ पोर्ट उघडा, रिमोट डेस्कटॉप चालू.’ चालू होतो, पण सगळ्यांसाठीच! चोरट्यांचे प्रोग्राम हा पोर्ट दिवसरात्र चाचपत असतात. नंबर बदलला तरी हुडकून काढतात. मे २०१९मध्ये उघड झालेली ब्लूकीप ही त्रुटी पासवर्डशिवाय आत शिरू देणारी होती. ती इतकी गंभीर, की मायक्रोसॉफ्टने केव्हाच वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीलाही दुरुस्ती पुरवली.

चौथे : ‘सगळे क्लाउडवर न्या.’ यात तथ्य आहे. वीज, यूपीएस आणि डिस्कची काळजी मिटते. पण भाड्याचा सर्व्हर घेतल्याने फक्त जागा बदलते. आत कोण, कुठल्या दाराने आणि कोणत्या नावाने येणार, हे तिथेही ठरवावेच लागते.

मग करावे काय? डेटा आणि प्रोग्राम एकाच सर्व्हरवर शेजारी ठेवावेत. शाखेला फक्त पडद्याचे चित्र जावे आणि तिकडून कळा-माऊसच्या हालचाली याव्यात. विंडोज सर्व्हरच्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस हेच करतात. सिट्रिक्स आणि टीएसप्लस यांचीही जातकुळी तीच. प्रत्येकाला स्वतंत्र सेशन मिळते. लाइन तुटली तरी अर्धवट बिल सर्व्हरवर तसेच उघडे राहते. २००८च्या सर्व्हरपासून आलेल्या रिमोटअ‍ॅपमुळे तर कारकुनाला अख्खा डेस्कटॉप न दिसता फक्त टॅलीची खिडकी दिसते.

‘हे महाग पडते,’ हा आक्षेप खरा आहे. सर्व्हरचे लायसन्स, माणशी किंवा यंत्रामागे वेगळे लायसन्स, वर टॅलीचे मल्टियूजर. शिवाय इंटरनेट गेले की शाखा थांबते, म्हणजे दुसऱ्या कंपनीची जोडलाइन आली. पण हा खर्च आधी मोजता येतो. बिघडलेल्या डेटाचा येत नाही.

या सर्व्हरचे दारही व्हीपीएन किंवा गेटवेमागेच हवे आणि पासवर्डच्या जोडीला ओटीपीसारखी दुसरी खूण हवी. २०२१मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइनमध्ये चोर शिरले ते वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्याला दुसरी खूण नव्हती. सोडून गेलेल्या नोकराचे खाते त्याच दिवशी बंद करावे, ते यासाठी.

रिमोट डेस्कटॉपच्या लायसन्ससाठी मायक्रोसॉफ्ट १२० दिवसांची सवलत देते. त्या मुदतीत गोदामातल्या प्रिंटरवर बिल आणि ई-वे बिल छापून पाहा, बारकोड स्कॅनर लावून पाहा, महिनाअखेरीला तिन्ही ठिकाणची माणसे एकदम कामाला बसवा. एवढ्यातून निभावले तरच चेक फाडा.