विश्लेषण : पर्वतीय गोरिलांची संख्या वाढली, तरी शिकारीचा धोका का कायम आहे?

एका वनरक्षकाच्या मागे दोन गोरिला माणसांसारखे ताठ उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, हा सेल्फी 2019 मध्ये जगभर व्हायरल झाला होता. त्यातील न्दाकासी ही मादी अवघी दोन महिन्यांची असताना, 2007 मध्ये, काँगोच्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात आईच्या मृतदेहाला बिलगलेली सापडली होती. आईला गोळ्या घालून मारण्यात आले होते. अनाथालयात वाढलेली न्दाकासी सप्टेंबर 2021 मध्ये मरण पावली. तिच्या हयातीत पर्वतीय गोरिलांची संख्या वाढली, पण धोका पुरता टळला नाही. असे का?

पर्वतीय गोरिला किती उरले आहेत?

हे गोरिला जगात दोनच ठिकाणी आढळतात. काँगो, रवांडा आणि युगांडा यांच्या सीमेवरील विरुंगा पर्वतरांग हे एक, तर युगांडातील ब्विंडी आणि त्याला लागून असलेले काँगोतील जंगल हे दुसरे. 1981 च्या गणनेत विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला होते. 2015-16 मध्ये ही संख्या 604 झाली. ब्विंडी परिसरात 2018 मध्ये 459 गोरिला मोजले गेले. ही वाढ पाहून 2018 मध्ये आययूसीएनने त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ श्रेणीतून ‘संकटग्रस्त’ श्रेणीत आणले. मात्र मादी साधारण चार वर्षांतून एकदाच पिलाला जन्म देते. त्यामुळे एका प्रौढ गोरिलाचा मृत्यूही कळपाला महागात पडतो.

शिकार नेमकी कशासाठी होते?

पूर्वी गोरिलांची मुंडकी आणि हात स्मृतिचिन्हे म्हणून विकले जात. पिलांना पकडण्यासाठी, त्यांच्या रक्षणाला धावणाऱ्या मोठ्यांना मारले जाई. संशोधक डायन फॉसी यांचा लाडका ‘डिजिट’ 1977 मध्ये अशाच शिकाऱ्यांशी झुंजताना मारला गेला. 1985 मध्ये खुद्द फॉसी यांचीही रवांडातील त्यांच्या केबिनमध्ये हत्या झाली.

आज पर्वतीय गोरिला हे सहसा शिकाऱ्यांचे लक्ष्य नसतात. गावकरी लहान हरणे आणि रानडुकरांसाठी तारेचे किंवा दोरीचे फास लावतात, त्यात गोरिलांचे हातपाय अडकतात. जखम चिघळली तर जीव जातो. ‘गोरिला डॉक्टर्स’ या संस्थेचे पशुवैद्य जंगलात जाऊन असे फास काढतात.

रफिकीला का मारले?

जून 2020 मध्ये ब्विंडीतील नकुरिंगो कळपाचा प्रमुख, सिल्व्हरबॅक नर ‘रफिकी’ मृतावस्थेत सापडला. पकडलेल्या आरोपीने सांगितले, की तो लहान प्राण्यांच्या शिकारीला गेला होता आणि गोरिलाने हल्ला केल्याने स्वसंरक्षणार्थ भाला मारला. न्यायालयाने त्याला 11 वर्षांची शिक्षा ठोठावली. तेव्हा कोविडमुळे पर्यटन ठप्प होते आणि त्यावर पोट असलेल्या गावांची कमाई थांबली होती.

2007 चे हत्याकांड कशामुळे घडले?

जुलै 2007 मध्ये विरुंगात ‘सेंक्वेक्वे’ या सिल्व्हरबॅकसह एकाच कळपातील अनेक गोरिलांना गोळ्या घातल्या गेल्या. मृतदेह तिथेच टाकून दिलेले होते. मांस किंवा अवयव नेले नसल्याने ही नेहमीची शिकार नव्हती, हे स्पष्ट झाले. संशयाची सुई लाकडी कोळशाच्या अवैध धंद्याकडे वळली. गोमा शहरातील चुली याच कोळशावर पेटतात आणि जंगलतोडीला वनरक्षकांचा अडथळा होतो. हे काम किती जोखमीचे आहे? विरुंगात आजवर 200 हून अधिक वनरक्षकांनी जीव गमावला आहे.

मग संख्या वाढली कशी?

रोजची गस्त, फास शोधून काढणे, पशुवैद्यकीय उपचार आणि पर्यटन या चार गोष्टींनी फरक पडला. रवांडात गोरिलांसोबत एक तास घालवण्याचा परवाना 1,500 डॉलरचा आहे. राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटनातील 10 टक्के महसूल आसपासच्या गावांना दिला जातो. त्यातून शाळा, दवाखाने, पाणी योजना उभ्या राहतात. जिवंत गोरिलाचा फायदा दिसू लागला, की गावकरीच राखणदार होतात.

या यशाची दुसरी बाजू कोणती?

1991 मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा पिढ्यानपिढ्या त्या जंगलावर जगणाऱ्या बाट्वा समाजाला बाहेर काढण्यात आले. जमीन नाही, जंगलही नाही, अशी त्यांची अवस्था झाली. संवर्धनाची किंमत सर्वांत गरिबांनी मोजली आणि पर्यटनातून मिळालेला त्यांचा वाटा तुटपुंजा राहिला. ज्याच्या घरात चूल पेटत नाही, त्याला फास लावण्यापासून केवळ कायदा रोखू शकत नाही.

पुढे काय?

पूर्व काँगोतील युद्ध हा सर्वांत मोठा धोका आहे. जानेवारी 2025 मध्ये एम23 बंडखोरांनी गोमा ताब्यात घेतले. विरुंगातील गोरिलांचा भागही संघर्षाच्या छायेत आहे. त्याच देशातील ग्राउअर गोरिलांची स्थिती आणखी बिकट आहे. 1990 च्या दशकात ते सुमारे 17,000 होते, तर 2021 च्या अंदाजानुसार 6,800 उरले. मोबाइल फोनमध्ये वापरला जाणारा टँटलम धातू ज्या कोल्टनपासून मिळतो, त्याच्या खाणी याच जंगलांत आहेत आणि तेथील मजूर व सशस्त्र टोळ्या वन्यप्राण्यांच्या मांसावर भूक भागवतात.

पर्वतीय गोरिला वाचले, कारण त्यांच्या रक्षणावर पैसा आणि माणसे सातत्याने लावली गेली. पर्यटन थांबले किंवा युद्ध पेटले, की हेच कवच सर्वांत आधी गळून पडते. म्हणून गस्तीइतकेच महत्त्व शेजारच्या गावांना पर्यटनाशिवायही उत्पन्न मिळण्याला आहे.